साथीच्या काळातले राज्यशास्त्र आणि न झालेली नोंद

(जयगड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



राज्यशास्त्र वर्गात शिकावयाचे की चळवळीत, हा वाद जुना आहे. २०२० साली एका साथीने तो परस्पर निकालात काढला. मार्चच्या मध्यास महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालये बंद झाली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि राज्यशास्त्राचे विद्यार्थी आपापल्या वाडीत जाऊन बसले. वर्ग बंद झाला. परंतु ज्यांचा तेथे अभ्यास व्हावयाचा ती सत्ता, तो कायदा, ते नागरिकत्व, ते केंद्र-राज्य संबंध, हे सारे विद्यार्थ्यांच्या अंगणात येऊन उभे राहिले. आणीबाणीचा काळ सोडल्यास शासनसंस्थेचे इतके उघडे दर्शन सामान्य नागरिकाला क्वचितच घडले असेल. या संधीचे शिक्षकांनी, संशोधकांनी आणि राजकीय कार्यकर्त्यांनी काय केले? प्रश्न कडू आहे, पण तो विचारला पाहिजे. त्या दोन वर्षांत जे घडले त्यातील जे लिहून ठेवले गेले नाही, ते घडलेच नाही असे म्हणावयास सत्ताधारी मोकळे राहतात. साथ पुन्हा येईल तेव्हा तेच कायदे, त्याच सवयी आणि तेच अज्ञान पुन्हा कामास लागेल.

कोकणात हे सारे विशेष स्पष्टपणे दिसले. रत्नागिरी जिल्ह्यातील घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली. मे २०२० मध्ये मुंबईतील दाटीच्या चाळींतून आणि झोपडपट्ट्यांतून चाकरमानी गावाकडे निघाला, तेव्हा ज्याच्या वर्गणीतून देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि शिमग्या-गणपतीला ज्याची वाट पाहिली जाते, त्याच माणसाला गावच्या वेशीवर थांबवावे की काय, असा प्रश्न गावापुढे उभा राहिला. ग्राम कृती दले स्थापन झाली. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशा सेविका यांच्या हाती एकाएकी अशी सत्ता आली की जी एरवी न्यायालयाच्या हुकमाशिवाय कोणी वापरू शकत नाही. कोणास घरात राहू द्यावयाचे, कोणास शाळेत ठेवावयाचे, कोणाच्या घरी किराणा पोहोचवावयाचा आणि कोणाच्या वाट्याला नुसती तंबी यावयाची, हे गावपातळीवर ठरू लागले. पुढे ऑगस्टमध्ये गणेशोत्सवासाठी येणाऱ्यांचे विलगीकरण चौदा दिवसांवरून दहा दिवसांवर आले. हे चार दिवस वैद्यकशास्त्राने कमी केले की लोकमताच्या दडपणाने? राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत घालावा असा याहून चांगला प्रश्न सापडणे कठीण आहे.

कायदा आणि सत्ता

ही सत्ता कोठून आली, हे आधी समजून घेतले पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा संमत केला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. सरकारला जो आवश्यक वाटेल तो उपाय योजण्याचा अधिकार एका कलमात, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा दुसऱ्यात, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या व्यक्तीवर दावा चालणार नाही असे संरक्षण चौथ्यात. ज्याला घरातून उचलून नेले त्याच्या हक्कांविषयी, ज्याची रोजी बुडाली त्याच्या भरपाईविषयी, किंवा केलेल्या कारवाईचा हिशेब कायदेमंडळापुढे ठेवण्याविषयी त्यात एक ओळ नाही. परकीय सरकारने घाईने केलेला हा कायदा स्वतंत्र भारताने जवळजवळ जसाच्या तसा जपला. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये तोच लागू केला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांना हल्ल्यांपासून संरक्षण देण्यासाठी. ती योग्यच होती. परंतु नागरिकाच्या बाजूची पाटी तशीच कोरी राहिली.

केंद्राने दुसरे हत्यार उचलले, ते २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू नये यासाठी करावयाची व्यवस्था समवर्ती यादीत आहे. प्रत्यक्षात मात्र देशातील कोणते दुकान केव्हा उघडावे येथपर्यंतचे आदेश केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखालील कार्यकारी समितीकडून निघू लागले. संसद २३ मार्च २०२० रोजी उठली ती १४ सप्टेंबरला पुन्हा भरली, आणि भरली तेव्हा प्रश्नोत्तराचा तास वगळलेला होता. त्याच अल्प अधिवेशनात शेतीविषयक तीन विधेयके आणि कामगारविषयक तीन संहिता संमत झाल्या. शेतीचे कायदे शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०२१ च्या अखेरीस मागे घ्यावे लागले, ही गोष्ट वेगळी.

हा दोष केवळ दिल्लीचा, असे समजणे मात्र आत्मवंचना ठरेल. मुंबईत त्या वेळी दिल्लीच्या विरोधी पक्षांचे सरकार होते. ग्रामपंचायतींच्या मुदती संपत होत्या, निवडणुका घेणे शक्य नव्हते. तेव्हा जून २०२० मध्ये अध्यादेश निघाला आणि पुढे पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावावर प्रशासक नेमण्याचे ठरले. म्हणजे निवडून आलेल्या सरपंचाच्या जागी मंत्र्याच्या मर्जीतील माणूस बसण्याची सोय झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जुलैमध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने खाजगी व्यक्तीऐवजी सरकारी अधिकारी नेमण्याचा मार्ग घ्यावा लागला. १४,२३४ ग्रामपंचायतींचा निवडणूक कार्यक्रम जाहीर होऊन मतदान झाले ते १५ जानेवारी २०२१ रोजी. ग्रामसभाही मधल्या काळात थांबल्या होत्या. गावाच्या हाती आजवर कधी नव्हती एवढी सत्ता यावी आणि नेमकी त्याच वेळी गावाची सभा बंद असावी, हा योग त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे. संकटात सत्ता वर सरकते, आणि झेंड्याचा रंग कोणताही असला तरी सरकते, हा धडा त्या एका वर्षाने दिला.

वर्गातले राज्यशास्त्र

आता वर्गाकडे वळू. शिक्षण ‘ऑनलाइन’ झाले असे म्हटले जाते. ते कोणाचे झाले? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीप्रमाणे ग्रामीण भारतातील शंभरांपैकी सुमारे पंधरा घरांतच इंटरनेटची सोय होती, आणि संगणक तर शंभरांत पाच घरांतही नव्हता. कोकणात भर पडली ती ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाची. दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती, दूरध्वनी नव्हता. डोंगराच्या कुशीतल्या वाडीतील मुलीने एकच फोन भावंडांत वाटून घेऊन, जेथे संदेशलहरी सापडतील त्या कातळावर बसून सार्वभौमत्वाची व्याख्या उतरून घ्यावी, ही शिक्षणाची व्यवस्था झाली. समोर शिकविणारा शिक्षकही पुष्कळदा तासिका तत्त्वावरचा. तास झाला तर मानधन, नाही तर नाही. ज्याला आपल्या पुढील महिन्याची शाश्वती नाही तो विद्यार्थ्यांना सत्तेस प्रश्न विचारण्याचे धैर्य कोठून देणार?

तरी शिक्षकांनी कष्ट केले, हे नि:संशय. दोष होता तो शिकविले काय गेले याचा. अभ्यासक्रम ‘संपविणे’ हेच ध्येय राहिले. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबर २०२० मध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या स्वरूपात झाल्या. चार पर्यायांतून एकावर खूण करावयाची, हे राज्यशास्त्राचे मूल्यमापन. आणि गंमत अशी की ती परीक्षा व्हावी की नाही, यावरच देशात राज्यशास्त्राचा एक मोठा प्रयोग चालला होता. महाराष्ट्राच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जूनमध्ये परीक्षा न घेण्याचे ठरविले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलैला ३० सप्टेंबरपर्यंत परीक्षा घेण्याचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी निकाल दिला : राज्याला आपत्तीचे कारण देऊन परीक्षा पुढे ढकलता येईल, परंतु परीक्षेशिवाय विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे हा केंद्राच्या यादीतील विषय, शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती यादीत, आणि आपत्तीचा कायदा दोघांच्याही हातात. संघराज्याचा एवढा जिवंत पाठ, आणि त्यातील पक्षकार म्हणजे स्वतः विद्यार्थी! किती महाविद्यालयांत हा निकाल वर्गात वाचला गेला? किती विद्यार्थ्यांना त्यावर दोन पाने लिहावयास सांगितली गेली?

उलट घडले ते असे. अभ्यासाचा भार हलका करावयाचा म्हणून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने जुलै २०२० मध्ये नववी ते बारावीचा अभ्यासक्रम सुमारे तीस टक्क्यांनी कमी केला. अकरावीच्या राज्यशास्त्रातून जी प्रकरणे परीक्षेपुरती वगळली गेली त्यांची नावे अशी : संघराज्य, नागरिकत्व, राष्ट्रवाद आणि धर्मनिरपेक्षता. स्थानिक शासनाची गरज काय, हा भागही गेला. टीका झाल्यावर मंडळाने खुलासा केला की ही कपात त्या एका वर्षापुरती आहे आणि हे विषय इतर मार्गांनी शिकविले जातील. महाराष्ट्रानेही त्या वर्षी पंचवीस टक्के कपात केली. आजारी काळात भार कमी करावा, याला कोणाचा विरोध असणार? परंतु ज्या वर्षी राज्यांच्या सीमा बंद झाल्या, श्रमिक पायी चालत निघाले आणि एका धार्मिक मेळाव्याच्या निमित्ताने एका संपूर्ण समाजाकडे रोगी म्हणून बोट दाखविले गेले, त्याच वर्षी नेमकी संघराज्य, नागरिकत्व आणि धर्मनिरपेक्षता ही प्रकरणे ‘भार’ ठरावीत?

तात्पुरते म्हणून जे येते ते कायम कसे होते, हेही याच प्रकरणात दिसते. २०२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पाठ्यपुस्तकांची ‘फेररचना’ केली. तिचे एक कारण म्हणून पुन्हा महामारीच पुढे करण्यात आली. दहावीच्या पुस्तकातून लोकलढे आणि चळवळी व लोकशाहीपुढील आव्हाने ही प्रकरणे गेली. बारावीच्या पुस्तकातून लोकचळवळींचा उदय हे प्रकरण गेले, ज्यात चिपको होते, दलित पँथर होती, नर्मदेचा लढा होता. या पुस्तकांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी जून २०२३ मध्ये आपली नावे पुस्तकांवरून काढून टाकण्याची मागणी केली. पुण्यात आयुष्यभर राज्यशास्त्र शिकविलेल्या प्राध्यापकाला आपल्याच पुस्तकावरील आपले नाव नकोसे व्हावे, एवढ्यावरून काय गेले याचा अंदाज यावा. साथ ओसरली, कात्री मात्र हातातच राहिली.

कोतळूकच्या प्राध्यापकाची माफी

शिकविण्याचे हे झाले. संशोधनाचे काय? येथे इतिहासातील एक प्रसंग आठवावा लागतो, आणि तो या भूमीशी निगडित आहे. जयगडच्या खाडीवरून फेरीबोटीने पलीकडे तवसाळला उतरले की गुहागर तालुका लागतो. त्याच तालुक्यातील कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला. १८९७ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. इकडे पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोरे सोजीर घरांत घुसविले होते. झडत्या, सामानाची जाळपोळ, धडधाकट माणसांची छावणीत रवानगी हे सारे चालू होते. पंडिता रमाबाईंनीही प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या स्थितीविषयी वृत्तपत्रात जाहीर तक्रार केली होती. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी विलायतेत सांगितले की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले. एकच खळबळ उडाली. सरकारने पुरावा मागितला.

गोखले जुलैच्या अखेरीस मुंबईस उतरले तेव्हा परिस्थिती पालटली होती. २२ जूनला रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. टिळकांना नुकतीच अटक झाली होती, आणि नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली विनाचौकशी डांबले गेले होते. ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांतील कोणीही पुढे येऊन जबानी देईना. न्यायमूर्ती रानड्यांचा सल्ला घेऊन गोखल्यांनी बिनशर्त जाहीर माफी मागितली. त्याबद्दल पुढे कित्येक वर्षे त्यांना भ्याड म्हणून हिणविले गेले.

या प्रसंगाचा निवाडा बहुधा व्यक्तीच्या धैर्याच्या अंगाने होतो : गोखले दुबळे की प्रामाणिक? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याकडे पुराव्याच्या अंगाने पाहावे. आरोप खरा होता की खोटा, हे आज कोणी सिद्ध करू शकत नाही. तो तपासला जाऊ शकला नाही, एवढेच निश्चित आहे. आणि का तपासला जाऊ शकला नाही? कायद्याचे चौथे कलम अधिकाऱ्याच्या पाठीशी उभे होते, साक्षीदाराच्या पाठीशी कोणीही नव्हते. तक्रार पत्रात होती, पण जागच्या जागी, तारीखवार, दोन स्वतंत्र तोंडांनी पारखलेली अशी नोंद नव्हती. परिणाम असा झाला की अन्याय झाला असल्यास त्याचे परिमार्जन झाले नाही, झाला नसल्यास सैनिकांवरील डाग धुतला गेला नाही, आणि सरकारला मात्र सर्वच तक्रारी खोट्या म्हणण्याची सोय झाली. नोंदीशिवाय केलेला आरोप ज्याच्यावर केला त्याच्याच उपयोगी पडतो, हा १८९७ चा धडा.

पुढे १९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर जी भाषणे केली, त्यांचे बळ सरकारच्याच आकड्यांतून सरकारचा अन्याय दाखविण्यात होते. त्यांच्या नावाने १९३० साली पुण्यात जी संस्था निघाली तिच्या नावात अर्थशास्त्राबरोबर राज्यशास्त्रही आहे, आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीसारख्या पाहण्यांतून जी परंपरा घातली ती हीच : आधी गावात जा, मोजा, लिहा, मग मत द्या. महाराष्ट्राच्या समाजशास्त्रांची ही खरी पुंजी आहे.

गणती कोणाची?

ही पुंजी २०२० मध्ये कितपत कामास आली? मार्चमध्येच सरकारी नमुना पाहण्यांचे घरोघर जाण्याचे काम थांबले. विद्यापीठांतील संशोधक घरी बसले आणि प्रश्नावल्या फोनवरून, ई-मेलवरून धाडू लागले. या पद्धतीने मिळालेली उत्तरे ज्यांच्यापाशी फोन, वीज आणि फुरसत आहे त्यांची असतात. रुळांवरून चालत जाणाऱ्याला प्रश्नावली पोहोचत नाही. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ मालगाडीखाली सोळा श्रमिक चिरडले गेले, त्यांच्या अनुभवाचा रकाना कोणत्याही प्रश्नावलीत नव्हता.

सरकारचे तर विचारावयासच नको. १४ सप्टेंबर २०२० रोजी संसदेत केंद्रीय श्रम मंत्रालयाने लेखी सांगितले की सुमारे एक कोटी चार लाख स्थलांतरित श्रमिक आपल्या राज्यांत परतले. मात्र वाटेत किती मेले, याची माहिती ठेवलेली नाही. परतलेल्यांचा आकडा आहे, मेलेल्यांचा नाही. भरपाईच्या प्रश्नावर उत्तर असे होते की आकडाच नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे उत्तर भिंतीवर लावून ठेवावे. जे मोजले जात नाही त्याचा खर्च कोणाच्याच खात्यावर पडत नाही. २०२१ ची जनगणनाही साथीमुळे लांबली, ती साथ सरल्यावरही लांबतच गेली. अखेर जून २०२५ मध्ये अधिसूचना निघून ती २०२७ साठी ठरली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने या देशाचे काय केले हे ठाऊक आहे, कारण १९२१ साली परकीय सरकारने शिरगणती केली आणि दहा वर्षांत लोकसंख्या घटल्याचे तीत दिसले. स्वकीय सरकारच्या राज्यात कोविडच्या दशकाचे तसे माप वेळेवर मिळाले नाही.

या अंधारात एक दिवा लागला तो विद्यापीठांच्या बाहेर. टाळेबंदी लागताच काही स्वयंसेवकांनी अडकलेल्या श्रमिकांसाठी एक मदतजाळे उभारले. ‘स्वान’ या आद्याक्षरांच्या नावाने ते ओळखले जाते. फोन येई, अडचण विचारली जाई, थोडे पैसे वा शिधा पोहोचविला जाई, आणि प्रत्येक फोनची नोंद ठेवली जाई. तीन आठवड्यांत ११,१५९ श्रमिकांपर्यंत पोहोचून त्यांनी एप्रिल २०२० मध्ये अहवाल प्रसिद्ध केला : ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांतील शंभरांपैकी शहाण्णवांना तोवर सरकारी शिधा मिळालेला नव्हता. हा नमुना संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्दोष नव्हता. मदत मागणाऱ्यांचाच तो होता. परंतु त्यात नेमके ते लोक होते जे इतर सर्व पाहण्यांतून निसटले. मदत आणि नोंद ही दोन कामे एकाच हाताने करता येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

कार्यकर्त्याचे काम

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. माणसे मरत असताना वह्या कसल्या भरावयाच्या? सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या; त्यांनी अहवाल लिहिला नाही. सेवा आधी, हे खरेच. परंतु २०२० मध्ये या किनाऱ्यावरील आणि मुंबईतील कार्यकर्त्यांनी जे धान्य वाटले, ज्या गाड्या मिळवून दिल्या, ज्या खाटा शोधल्या, त्यांच्या याद्या तर झाल्याच होत्या. नावे, पत्ते, तारखा, कोणत्या कचेरीने काय उत्तर दिले, हे सारे फोनमध्ये आणि चतकोर कागदांवर लिहिले गेले होते. ते पुसले गेले, रद्दीत गेले. फक्त सांभाळून ठेवावयाचे होते, तेवढेही झाले नाही. दुसरा आक्षेप असा की निर्बंध आवश्यकच होते, मग चिकित्सा कशासाठी? निर्बंध आवश्यक होते म्हणूनच चिकित्सा हवी. अनावश्यक सत्तेला नाकारता येते. आवश्यक सत्तेचा हिशेब मागावा लागतो.

आणि हा हिशेब गावापासून सुरू झाला पाहिजे. दिल्लीवर टीका करणे सोपे आहे. आपल्या वाडीतील कोणत्या घराला पाणी भरू दिले नाही, विलगीकरणाच्या शाळेत कोणत्या जातीच्या माणसाला कोठे झोपविले, बंदर आणि वीज प्रकल्प यांच्यासारख्या कामांवरील परप्रांतीय मजुराकडे गावाने कोणत्या नजरेने पाहिले, हे विचारणे कठीण आहे. ग्राम कृती दलांनी अनेकांचे प्राण वाचविले असतील आणि काहींवर अन्यायही केला असेल. दोन्ही गोष्टी लिहिल्या गेल्या तरच तो इतिहास होईल. एकच लिहिली तर प्रचार.

तेव्हा करावयाचे काय? पहिले काम कागदांचे. त्या दोन वर्षांतील ग्रामपंचायतींचे ठराव, कृती दलांच्या वह्या, विलगीकरण केंद्रांच्या नोंदी, जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश अजून कपाटांत असतील तर त्यांच्या प्रती माहितीच्या अधिकाराखाली मिळवाव्यात आणि तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. रोग्याचे नाव झाकले जाईल, अधिकाऱ्याचा हुकूम झाकला जाणार नाही, एवढे पथ्य पाळावे. दुसरे काम साक्षींचे. आशा सेविका, एसटीचे वाहक, मासळी विकणाऱ्या बाया, मुंबईहून चालत आलेले तरुण यांच्याशी बोलून, तारीख आणि ठिकाण घालून, एकाचे सांगणे दुसऱ्याच्या सांगण्याशी ताडून लिहावे. सांगणाऱ्याची संमती असल्याशिवाय त्याचे नाव बाहेर जाऊ देऊ नये. १८९७ मध्ये साक्षीदार का मागे हटले, ते विसरता कामा नये.

तिसरे काम महाविद्यालयांचे आहे, आणि त्यासाठी शिक्षकांशी बोलावे लागेल. तृतीय वर्षाच्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने आपल्या गावातील २०२० वर एक शोधनिबंध लिहावा, आणि त्याला परीक्षेत खरे गुण असावेत. तो निबंध इंग्रजी पुस्तकांच्या उताऱ्यांहून मोलाचा ठरेल. वगळलेली प्रकरणे पाठ्यपुस्तकात परत येईपर्यंत अभ्यासवर्गांतून ती शिकविली पाहिजेत. संघराज्य आणि लोकचळवळी शिकण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

चौथे काम विधिमंडळाचे आणि संसदेचे. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या २८६ व्या अहवालात १८९७ च्या कायद्याचा सविस्तर आढावा घेतला आणि तो बदलण्याची अथवा नवा कायदा करण्याची शिफारस केली. नव्या कायद्यात काय असावे, याची मागणी आताच स्पष्ट झाली पाहिजे. निर्बंधांना मुदत असावी आणि ती वाढविताना सभागृहाची संमती लागावी. ज्याची रोजी बंद केली त्याच्या शिध्याची हमी असावी. ग्रामसभा अंतर राखून का होईना, पण भरावी. केलेल्या प्रत्येक सक्तीची आणि झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवणे हे शासनावर बंधनकारक असावे, म्हणजे ‘माहिती ठेवलेली नाही’ असे संसदेत पुन्हा कोणास सांगता येणार नाही.

यातील शेवटचे काम दिल्लीत आणि मुंबईत व्हावयाचे आहे, त्याला वेळ लागेल. पहिल्या दोन कामांना मात्र एक वही, एक पेन आणि थोडी चिकाटी एवढेच भांडवल पुरते. विलगीकरणाच्या वहीतील शाई फिकी होत चालली आहे आणि माणसांच्या आठवणीही. या तालुक्यातील प्रत्येक शाखेने एक गाव घ्यावे आणि येत्या पावसाळ्यापूर्वी त्याची नोंद पुरी करावी.